दाविदचं पोतोत्स्की पोर्ट्रेट: बरोक घोडा आणि निओक्लासिकल भिंत

प्रश्न असा आलाय की फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदने काढलेलं पोलिश उमराव स्तानिस्वाफ कोस्तका पोतोत्स्कीचं घोड्यावरचं पोर्ट्रेट बघितलं तर भुरभुरणारी आयाळ, भुंकणारा कुत्रा, मान वाकवलेला घोडा, सगळंच बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या हालचालीने आणि नाट्याने भरलेल्या शैलीतलं वाटतं, मग त्याला निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या शिस्तीतलं का म्हणायचं? हा माणूस सुधारक होता म्हणतात ते चित्रात कुठे दिसतं? आणि कॉपी करायला घ्यायची तर सुरुवात कुठून करायची? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे वेगवेगळे तुकडे न पाडता सलग सांगतो. मी पोर्ट्रेट पेंटर आहे, कमिशनची कामं करतो आणि शिकवतो, त्यामुळे इतिहास सांगतानाही माझं लक्ष ड्रॉइंगकडे जास्त जाणार.

आधी साइज डोक्यात घ्या. कॅनव्हासवर ऑइल, ३०४ बाय २१८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दहा फूट उंच आणि सात फूट रुंद. वॉर्साजवळच्या विलानुफ पॅलेसमध्ये आहे. तुम्ही ए-फोर प्रिंटवर किंवा मोबाइलवर बघताय म्हणजे दहा पटीने किंवा त्याहून लहान करून बघताय, आणि लहान केलं की आयाळ, लेस, कुत्रा ही हलणारी डिटेल्सच आधी डोळ्यात भरतात. मोठ्या साइजमध्ये आधी काय जाणवतं, तर मागची भिंत. घोडेस्वाराच्या मागे मोकळं आकाश नाही, धुराने भरलेली लढाई नाही, लांबवर पसरलेलं लँडस्केप नाही, दगडी भिंत आहे आणि खांबांचे जाडजूड तळ आहेत. माझ्या मते अर्धं उत्तर त्या भिंतीतच आहे.

बरोक घोडेस्वारात जागा खोल असते. घोडा तिरका चित्राच्या आतून बाहेर किंवा बाहेरून आत येतो, ढग फिरतात, झेंडे फडफडतात आणि नजर घसरत घसरत क्षितिजापर्यंत जाते. दाविदने ती वाटच बंद करून टाकलीये. भिंत कॅनव्हासला जवळपास समांतर आहे, त्यामुळे माणूस आणि घोडा एका उथळ पट्ट्यात अडकतात, रोमन शवपेट्यांवर कोरलेल्या आकृत्या असतात ना तसे. मग आकृतीची बाहेरची रेषा, काँटूर, सगळा भार उचलते. घोड्याच्या मानेची कमान, पाठीचा बाक, माणसाचा ताठ कणा, पुढे आलेला हात, ही सगळी रेषा त्या भिंतीवर स्वच्छ वाचता येते. हीच भिंत काढून तिथे ढग टाकून बघा, फोटोशॉपमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, चित्र लगेच शंभर वर्षं मागे जाईल.

आता तुमचं म्हणणं चूक आहे असं अजिबात नाही, घोडा बरोकच आहे. आणि तो कुठून आला तेही बऱ्यापैकी माहितीये. इटलीत जेनोआला पलात्सो रोस्सो म्हणून महाल आहे, तिथे व्हॅन डाइक या बरोक चित्रकाराने १६२७ साली काढलेलं आंतोन ज्युलिओ ब्रिन्योले-साले याचं घोड्यावरचं पोर्ट्रेट आहे आणि त्यातलाही स्वार हॅट काढून समोरच्याला सलाम करतोय. त्याच्या आधी, १६०६ मध्ये, रुबेन्स या दुसऱ्या बरोक चित्रकाराने जेनोआच्याच जोव्हान्नी कार्लो दोरियाला घोड्यावर रंगवलं, त्यात खाली झेपावणारा कुत्रा आहे. म्हणजे हॅट आणि कुत्रा दोन्हीचं मूळ जेनोआच्या परंपरेत सापडतं. पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. घोड्यावरचं पूर्णाकृती पोर्ट्रेट हा मुळात राजांचा आणि सेनापतींचा फॉर्म, हातात राजदंड किंवा सेनापतीचा बॅटन आणि चेहऱ्यावर हुकूम. जेनोआ मात्र प्रजासत्ताक होतं, तिथल्या उमरावांनी हा राजांचा फॉर्म स्वतःसाठी वापरला आणि बॅटनच्या जागी हातात हॅट आली. पोलंडचीही व्यवस्था तशीच, राजा वंशपरंपरेने नाही तर उमरावांनी निवडून दिलेला आणि देशाचं नावच रेच्पोस्पोलिता, प्रजासत्ताक. दाविदने हा विचार करून जेनोआचा नमुना उचलला की फक्त डोळ्याला आवडला म्हणून घेतला ते सोडा, पण एका पोलिश उमरावाला तो नमुना फिट बसला यात काही आश्चर्य नाही.

दाविद तेव्हा कोण होता हेही बघायला पाहिजे. जन्म १७४८, पॅरिस. १७७४ मध्ये प्री द रोम, म्हणजे रोमला जाऊन शिकायची फ्रेंच अकॅडमीची शिष्यवृत्ती मिळाली, १७७५ ते १७८० रोममध्ये. रोमला गेला तेव्हा तो रोकोकोच्या वातावरणात वाढलेला हुशार पोरगा होता, मऊ रंग, गुलाबी सावल्या वगैरे. तिथे त्याने वह्याच्या वह्या भरून पुतळ्यांची आणि रिलीफची ड्रॉइंग्ज केली. १७७९ च्या उन्हाळ्यात तो नेपल्सला गेला, सोबत कात्रमेर द केन्सी होता जो पुढे कलेचा मोठा विचारवंत झाला, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या प्राचीन शहरांतून निघालेल्या वस्तू बघितल्या आणि नंतर दाविदनेच सांगितलं की डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यासारखं झालं. पोतोत्स्कीशी त्याचा संबंध आला तो याच इटलीच्या दिवसांत. असं सांगतात की नेपल्सच्या राजाच्या घोडेशाळेत एक घोडा कोणालाच बसू देत नव्हता, पोतोत्स्कीने तो काबूत आणला, दाविदने ते बघितलं आणि त्यातून चित्राची कल्पना निघाली. कथा शंभर टक्के तशीच घडली असेल नसेल, पण चित्र मात्र अगदी त्याच क्षणाचं आहे: झटापट संपलीये, घोड्याने मान खाली घेतलीये, पुढचा एक पाय उचललेला आहे, आणि स्वार घामाघूम न होता हॅट काढून बघणाऱ्यांना अभिवादन करतोय.

हा क्षण निवडणं हा माझ्या मते त्या चित्रातला सगळ्यात निओक्लासिकल निर्णय आहे. बरोकवाल्याने झटापट रंगवली असती. जर्मन कलेतिहासकार विंकलमनने १७५५ मध्ये ग्रीक कलेबद्दल लिहिताना उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता असं जे सूत्र दिलं, त्या पिढीतल्या सगळ्यांना ते पाठ होतं, आणि त्यात मुद्दा हाच की आत कितीही वादळ असलं तरी बाहेर तोल दिसला पाहिजे. इथे वादळ घोड्यात आहे आणि तोल माणसात आहे. आयाळ, शेपूट, कुत्रा सगळं हलतंय, फक्त स्वाराचा कणा हलत नाही. एकदा हे लक्षात आलं की तुम्हाला जो विरोधाभास वाटतोय, म्हणजे अर्धं बरोक अर्धं निओक्लासिकल, तोच चित्राचा विषय आहे असं दिसायला लागतं.

पण एक सांगतो, याला दाविदच्याच ‘होरेशियसची शपथ’ या गाजलेल्या चित्राच्या मापाने मोजू नका. ते चित्र १७८४-८५ चं, सलोंमध्ये म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात १७८५ ला आलं, तिथे दाविद पूर्ण कडक झालाय, तीन कमानी, तीन गट, एक रंग इकडचा तिकडे नाही. पोतोत्स्की त्याच्या चारेक वर्षं आधीचा, १७८१ च्या सलोंमधला. त्याच सलोंमध्ये ‘भीक मागणारा बेलिसेरियस’ हे दाविदचं चित्र होतं ज्याच्यावर फ्रेंच लेखक-समीक्षक दिदरो अगदी फिदा झाला. म्हणजे हा दाविद अजून रुबेन्स विसरलेला नाही, रंग अजून ओला आणि मोकळा आहे, शर्टाच्या घड्यांत आणि आयाळीत ब्रश मस्त पळतो. मला वैयक्तिकरीत्या हा दाविद नंतरच्या कडक दाविदपेक्षा जास्त जिवंत वाटतो, आणि पोर्ट्रेट शिकणाऱ्यांनी आधी हाच बघावा असं मी आवर्जून सांगतो.

आता सुधारकाचा प्रश्न. इथे जरा जपून बोलायला पाहिजे कारण लोक उलटा प्रवास करतात, माणसाने पुढे जे केलं ते चित्रात शोधायला लागतात. पोतोत्स्कीचा जन्म १७५५ चा, म्हणजे चित्रातला माणूस पंचविशीतला आहे. त्याने अजून राज्यघटना वगैरे काही केलेलं नाही. श्रीमंत घरचा, वॉर्साच्या कोलेजियम नोबिलियममध्ये शिकलेला, १७७६ मध्ये अलेक्सांद्रा लुबोमिर्स्काशी लग्न झालेलं, पुराणवस्तूंचं प्रचंड वेड असलेला तरुण. लॉरेंटम इथल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या व्हिलाचं वर्णन पत्रात वाचून त्यावरून तो कसा दिसत असेल याची ड्रॉइंग्ज त्याने व्हिंचेन्सो ब्रेन्ना या आर्किटेक्टकडून करून घेतली होती, नंतर नोला इथे उत्खनन करून प्राचीन चित्रित भांडी गोळा केली. तर चित्रात कुठल्या सुधारणेचा जाहीरनामा नाही. पण एक गोष्ट आहे जी पोलिश माणसाला तेव्हा चटकन दिसली असती आणि आपल्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही, ती म्हणजे कपडे.

पोलिश उमरावांचं जुन्या वळणाचं पोर्ट्रेट, ज्याला सार्मेशियन म्हणतात, ते कसं असायचं बघा: आत झुपान हा लांब अंगरखा, वरून कोंतुश, त्याच्या बाह्या फाकलेल्या आणि कधी कधी मागे टाकलेल्या, कमरेला जरीचा रुंद पट्टा, बाजूला वाकडी तलवार, डोकं बाजूंनी भादरलेलं, भरघोस मिशा. चेहरा सपाट प्रकाशात, कोपऱ्यात घराण्याचं चिन्ह आणि पदव्यांची यादी. आम्ही पूर्वजांसारखेच आहोत आणि आमचे हक्क तसेच राहतील, असं ते पोर्ट्रेट सांगायचं. त्या हक्कांतला सगळ्यात घातक म्हणजे लिबेरुम व्हेटो, सेयममध्ये म्हणजे त्यांच्या संसदेत एका सदस्याने नको म्हटलं की ठराव पडणार आणि अख्खं अधिवेशनसुद्धा मोडणार. यातलं काहीच पोतोत्स्कीच्या चित्रात नाही. मिशा नाहीत, कोंतुश नाही, पांढरा शर्ट आणि फिकट ब्रीचेस, पश्चिम युरोपातला कुठलाही सुशिक्षित तरुण रायडिंगला जाताना घालेल तसे कपडे. देशाची खूण एकच, छातीवरून तिरका गेलेला ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगलचा निळा पट्टा, पोलंडचा सर्वोच्च सन्मान, १७०५ मध्ये सुरू झालेला. त्या काळात फ्रेंच पद्धतीचा पोशाख करणं म्हणजे राजा स्तानिस्वाफ आउगुस्तच्या दरबारातल्या नव्या विचाराच्या मंडळींशी नातं सांगणं होतं. हेही खरं की पुढे १७८८ नंतर हवा बदलली, देशप्रेम दाखवायला सुधारणावाद्यांतलेही काही जण परत कोंतुश घालायला लागले, त्यामुळे कपड्यांवरून पक्ष ओळखायचा हा नियम सगळ्या वर्षांना लावू नका. १७८१ साठी मात्र तो बरोबर बसतो.

आणि दुसरी खूण म्हणजे तो कोणाला चित्र काढायला सांगतो. घरी वॉर्सामध्ये दरबारी चित्रकार होते, तरी त्याने अजून नाव व्हायचं बाकी असलेल्या, रोममध्ये पुतळ्यांची ड्रॉइंग्ज करत बसलेल्या फ्रेंच पोराला हे काम दिलं. मी कमिशनची कामं करतो म्हणून सांगतो, दहा फुटांचा कॅनव्हास कोणी नवख्याच्या हातात सहज देत नाही. त्याला चित्रकलेतली पारख होती, आणि हीच पारख पुढे त्याच्या सगळ्या कामात दिसते.

पुढचं सगळं थोडक्यात सांगणं अवघड आहे कारण आयुष्य भरगच्च आहे. १७८८ ते १७९२ चं चार वर्षं चाललेलं सेयम, त्यात हा लुब्लिनचा प्रतिनिधी आणि सुधारणा पक्षातला बिनीचा वक्ता, सख्खा भाऊ इग्नात्सी पोतोत्स्की तर ३ मे १७९१ च्या राज्यघटनेच्या मुख्य शिल्पकारांपैकी, राजा आणि ह्यूगो कोवोंताय यांच्यासोबत. त्या घटनेने लिबेरुम व्हेटो संपवला. वर्षभरात रशियाशी युद्ध झालं, हा तोफखान्याचा जनरल होता, युद्ध हरले, १७९३ आणि १७९५ च्या फाळण्यांत देशच नकाशावरून गेला. इथे बरेच जण खचून संपले असते. याने काय केलं तर राज्य हातात नाही तर शिक्षण आणि कला तरी हातात ठेवू असं ठरवल्यासारखं काम काढलं. १८०० मध्ये वॉर्सामध्ये विद्येच्या मित्रांची सोसायटी काढणाऱ्यांत तो होता. १७९९ मध्ये सासूबाई इझाबेला लुबोमिर्स्का यांच्याकडून मुलगी-जावयाला विलानुफ मिळालं, तोच पॅलेस जो व्हिएन्नाला ऑटोमन वेढा मोडणाऱ्या यान सोबिएस्की राजाने बांधला होता, आणि १८०५ मध्ये पोतोत्स्कीने तिथलं आपलं कलेक्शन सर्वसामान्य लोकांसाठी उघडलं. पोलंडमधल्या पहिल्या सार्वजनिक म्युझियमपैकी एक. आत शिरताना जमिनीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, कुंक्तिस पातेत इनग्रेसुस, सगळ्यांना प्रवेश खुला. १८१५ मध्ये विंकलमनच्या ग्रंथाच्या आधारे पोलिशमध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला, नावातच पोलिश विंकलमन. त्याच सुमाराला तो शिक्षण आणि धर्म खात्याचा मंत्री झाला, वॉर्साचं विद्यापीठ १८१६ मध्ये उभं राहिलं त्यात त्याचा मोठा हात. आणि १८२० मध्ये त्याने अंधारनगरीच्या प्रवासाची एक कादंबरी लिहून धर्मसत्तेच्या मागासपणावर असा हल्ला चढवला की तेव्हा पोलंडचाही राजा असलेल्या रशियाच्या झार अलेक्झांडरने त्याला मंत्रिपदावरून काढलं. वर्षभरात, १८२१ मध्ये, विलानुफलाच वारला. पासष्टीतला माणूस, पद आहे, मान आहे, गप्प बसला असता तर कोणी काही म्हटलं नसतं, तरी लिहिलं. मला या माणसाबद्दल खूप आदर वाटतो आणि तो लपवायचं काही कारण नाही.

दाविदचं दुसरं प्रसिद्ध घोड्यावरचं चित्र तुम्हाला माहीत असणार, आल्प्स ओलांडणारा नेपोलियन, पहिली आवृत्ती १८०१ ची. दोन्ही शेजारी लावून बघा. तिथे घोडा दोन पायांवर, लाल-पिवळा झगा वाऱ्यावर, हात वर आभाळाकडे, खडकावर नाव कोरलेलं. नेपोलियन पोझ द्यायला बसलाच नाही, उधळत्या घोड्यावर शांत असा मला दाखव एवढं त्याने सांगितलं, आणि प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला होता. पोतोत्स्की समोरच्या माणसाकडे बघून हॅट काढतो, नेपोलियनचा हात तुमच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी जातो. गंमत म्हणजे दोघांचा पुढे थेट संबंध आला, नेपोलियनने १८०७ मध्ये वॉर्साची डची बनवली तेव्हा तिथल्या शिक्षणाचा कारभार पोतोत्स्कीकडे आला आणि नंतर मंत्रिमंडळाचं अध्यक्षपदही. चित्र म्हणून मला पहिलं जास्त खरं वाटतं, कारण घोडा मंद चालीत आहे. वेगात घोड्याचे पाय कसे पडतात हे फोटोग्राफर मायब्रिजच्या १८७८ च्या फोटोंपर्यंत कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण रायडिंग स्कूलमधली ही सावकाश, पाय उचलून टाकायची चाल डोळ्याला दिसते, समोर उभं राहून स्केच करता येते. त्यामुळे इथल्या घोड्याच्या सांध्यांवर विश्वास ठेवून अभ्यास करता येतो.

आता कॉपीचं. पूर्ण चित्र करू नका लगेच, खूप जण थेट कॅनव्हासवर ग्रिड मारतात आणि आठवड्याभरात आयाळीचे केस मोजत बसतात. आधी रंग काढून टाका, ग्रेस्केल प्रिंट घ्या, डोळे बारीक करून तीनच टोनमध्ये, म्हणजे उजेड, मधला आणि गडद अशा पातळ्यांत, पोस्टकार्डएवढं स्केच करा. तुमच्या लक्षात येईल की भिंत म्हणजे मधला टोन आहे, तिच्यावर घोडा आणि शर्ट उजेडात उठतात आणि खोगीर-बूट गडद बसतात. हा मधला टोन चुकला तर पुढचं काही जुळत नाही, कारण भिंत जास्त गडद केलीत तर घोडा कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि जास्त उजळ केलीत तर तो भिंतीतच विरतो. मग फक्त बाहेरची रेषा, पेन्सिलने, सावली न देता. आपल्याकडे जेजेमध्ये प्लास्टर कास्टवरून ड्रॉइंग करायची जी पद्धत आली ती याच युरोपियन अकॅडमींच्या शिस्तीतून आलीये, त्यामुळे ज्यांनी ती मनापासून केलीये त्यांना ही रेषा अवघड जाणार नाही, बाकीच्यांनी आधी एखाद्या पुतळ्यावर हात बसवावा. रेषा काढताना स्वाराचा कणा आणि घोड्याच्या मानेची कमान या दोन रेषा आधी टाका, बाकी सगळं त्यांच्यावर टांगलेलं आहे.

रंगात आल्यावर पॅलेट लहान ठेवा. लेड व्हाइट आता सहसा वापरत नाहीत, टिटॅनियम घ्या पण त्यात थोडा येलो ओकर घाला नाहीतर घोडा खडूसारखा थंड होतो. ओकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, आयव्हरी ब्लॅक आणि एक निळा एवढ्यात बहुतेक सगळं निघतं. निळा फक्त त्या पट्ट्यासाठी राखून ठेवा, सगळीकडे मातकट आणि राखाडी रंग असल्यामुळेच तेवढा निळा पट्टा लांबून खेचून घेतो. सावल्या पातळ, उजेड जाड, शर्टावर ब्रश उचलून परत फिरवू नका, एकदा ठेवला की सोडून द्या.

घाईत असाल तर सगळ्यात उपयोगी तुकडा सांगतो: हॅट धरलेला हात, बाही आणि त्यामागचा भिंतीचा तुकडा, एवढाच एका छोट्या कॅनव्हासवर करा. त्यात पातळ-जाड रंग आहे, कडा आहेत, मधला टोन आहे आणि तो सगळा हावभाव आहे. तो जमला की चेहऱ्याकडे जा, आणि घोडा सगळ्यात शेवटी.